मागची दोन चाकं

ऑस्ट्रेलियात राहून मी बर्फाचे टायर विकते, असं सांगितलं की माझ्या सासूबाईंना अजूनही खरं वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोरचा ऑस्ट्रेलिया म्हणजे कांगारू, समुद्र आणि टीव्हीवरच्या क्रिकेटमधलं रणरणतं ऊन. सांगलीत बसून त्या विचारतात, "अगं, तिथं बर्फ पडतो तरी कुठं?" पडतो. सिडनीहून दक्षिणेकडे पाचेक तास गाडी हाणली की स्नोई माउंटन्स लागतात आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तिथं बर्फ असतो. सिडनीच्या गिरावीन-वेंटवर्थव्हिल या उपनगरांतली निम्मी मराठी मंडळी त्या चार महिन्यांत एकदा तरी तिथं जाऊन फोटो काढून येतात. जाण्याआधी त्यांनी माझ्याकडे यावं अशी अपेक्षा असते. बरेच जण परत आल्यावर येतात.

मी सुवर्णा. वेंटवर्थव्हिलजवळच्या एका टायरच्या दुकानात एकवीस वर्षं काम करते आहे. पहिली दोन काउंटरवर, बाकीची जॅकशेजारी. आले होते अकाउंटिंग शिकायला. युनिव्हर्सिटीची फी आणि खोलीचं भाडं निघावं म्हणून वीकेंडला फोन उचलायचं काम धरलं. कोर्स संपला, पीआर, म्हणजे इथं कायम राहायचा परवाना, मिळाला, आणि माझ्या लक्षात आलं की मला डेबिट-क्रेडिटपेक्षा रबराचा वास जास्त आवडतो. गणपतीत, हळदीकुंकवात बायका अजून विचारतात, "अगं, पण अजून तिथंच?" पूर्वी मी ओशाळून काहीतरी पुटपुटायची. आता सांगते, हो, तिथंच, आणि आता दुकान मीच चालवते. चहा निवायच्या आत चारही चाकं बदलून देते. तुमच्या नवऱ्याला स्टेपनी कुठं ठेवलीय ते तरी माहीत आहे का, विचारा.

दुकानाचा मालक केव्हिन. सत्तरी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. त्याचं बालपण कूमाकडे, म्हणजे बर्फाच्या पायथ्याशी गेलेलं. सिडनीतल्या बहुतेक टायरवाल्यांना बर्फाशी देणंघेणं नसतं, पण केव्हिन दर मार्चमध्ये हिवाळी टायर मागवून ठेवायचा. टायरबद्दल जे काही मला येतं ते त्याने शिकवलं. आता तो आठवड्यातून दोन दिवस येतो, कॉफी पितो आणि माझी जॉब कार्डं, म्हणजे प्रत्येक गाडीच्या कामाची नोंद, चाळतो.

बाहेरच्यांसाठी थोडं सोपं करून सांगते. आपल्या रोजच्या गाडीला असतात ते उन्हाळी टायर. त्यांचं रबर थंडीत कडक होतं. साधारण सात अंशांच्या खाली पारा गेला की ते रस्ता धरत नाही, बर्फ असो वा नसो. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. साजूक तूप सांगलीच्या जानेवारीत थिजतं आणि शेजारच्या बाटलीतलं तेल थिजत नाही, तसंच हे. शिवाय त्याच्या नक्षीत केसासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरून ठेवतात. ओळखायचा कसा? कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चित्र असतं. नुसती M+S ही इंग्रजी अक्षरं पाहून विश्वास ठेवू नका, चित्र बघा. त्याच्याच जवळपास चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ती टायरची जन्मतारीख. नक्षी खोल दिसली तरी म्हातारा टायर घेऊ नये. आणि उन्हाळा आला की हे टायर काढून ठेवावेत, कारण मऊ रबर सिडनीच्या डांबरावर खोडरबरासारखं झिजतं.

एवढं सगळं ऐकून गिऱ्हाईक म्हणतं, "बरं, मग पुढचे दोन टाका." इथंच माझी आणि जगाची लढाई सुरू होते.

केव्हिनचा नियम होता, हिवाळी टायर चार तर चार, नाहीतर शून्य. साध्या टायरचाही त्याचा नियम असाच उफराटा वाटतो. दोनच नवे घेतले तर ते मागे लावायचे, पुढे नाही. लोकांना पटत नाही. त्यांना वाटतं इंजिन पुढे, स्टीअरिंग पुढे, म्हणजे सगळं पुढेच चालतं. पण पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि आपल्याला निदान कळतं. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि कळेपर्यंत आपण आलो तिकडे तोंड करून उभे असतो. पुढे बर्फाचे टायर आणि मागे उन्हाळी, म्हणजे पुढचे थांबणार आणि मागचे थांबायला तयार नाहीत. उतारावर तर बघायलाच नको.

गिऱ्हाइकांचे नमुने किती सांगू. एकजण नवीकोरी फोर व्हील ड्राइव्ह घेऊन आले होते. त्यांना टायर नकोच होते. "मॅडम, फोर व्हील आहे, ये कहीं भी चढ़ जाती है." मी म्हटलं, चढेल हो, पण उतरायचंही आहे ना? चारही चाकांना ताकद मिळते ती निघताना. थांबताना सगळ्या गाड्या सारख्याच. अर्ध्या तासाने पटलं. चारही टायर बसवले, तर त्यांच्या बायकोने पिशवीतून नारळ आणि चार लिंबं काढली आणि दुकानाच्या अंगणातच पूजा मांडली. केव्हिन हातात कॉफी घेऊन बघत होता. लिंबावरून गाडी गेल्यावर त्याने मला हळूच विचारलं, याने रबराला काही होतं का? मी म्हटलं, ग्रिप वाढते. तेव्हापासून त्याच्या परसातल्या झाडाची लिंबं काउंटरवर एका वाडग्यात असतात. हिवाळी टायर घेतले की लिंबं फुकट.

दुसरे एक जण चेन, म्हणजे बर्फात चाकांवर चढवायच्या साखळ्या, घेऊन गेले होते. बर्फाच्या त्या नॅशनल पार्कात हिवाळ्यात टू व्हील ड्राइव्ह गाडीत चेन ठेवायलाच लागते. पिशवीचं सील यांनी पहिल्यांदा फोडलं ते थेट रस्त्याच्या कडेला, बर्फाच्या माऱ्यात. व्हिडिओ बघून लावू म्हणाले होते. नेटवर्क नव्हतं. तासभर झगडून त्यांनी चेन लावली ती मागच्या चाकांना, आणि गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. तेव्हापासून मी नियम केला. माझ्याकडून चेन घेणाऱ्याने ती आधी दुकानात, कोरड्या जमिनीवर, माझ्यासमोर दोनदा लावून दाखवायची. नवरा-बायको असतील तर दोघांनी. त्यात दोन-चार संसारांतली भांडणं मी जवळून बघितली आहेत.

हे सगळं मी मिरवत सांगते आहे, कारण मिरवण्यासारखं आहे. पण एक जॉब कार्ड असं आहे, की ते आठवलं की माझी मान खाली जाते. ते लिमयेकाकांचं.

लिमयेकाका पुण्याचे. पंपांच्या कारखान्यात तीस वर्षं इंजिनियर, निम्मी तिकडे, निम्मी इकडे. मी इथे उतरले तेव्हा ओळखीच्या ओळखीतून त्यांच्या गिरावीनच्या घरी आले, दोन दिवसांसाठी. राहिले आठ महिने. त्यांची केतकी तेव्हा चार वर्षांची होती. ती माझ्या खोलीत येऊन माझ्या ओढणीत बाहुल्या झोपवायची. काकूंनी मला डबा दिला, आणि काकांनी गाडी शिकवली. आमच्या घरात सायकलशिवाय चाक नव्हतं, मला क्लच आणि ब्रेक यांतला फरक ठाऊक नव्हता. दर रविवारी सकाळी ते मला स्टेशनजवळच्या रिकाम्या कार पार्कात न्यायचे. मी ब्रेकवर पाय आपटला की म्हणायचे, "सुवर्णा, ब्रेकला हुकूम करू नये. विनंती करावी." मी पहिल्याच फटक्यात लायसन्स काढलं, तेव्हा त्यांनी स्वतः जिलब्या आणल्या होत्या.

तर दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात काका दुकानात आले. केतकी फिजिओथेरपिस्ट झाली होती आणि तिने कूमाकडे नोकरी धरली होती. आठवड्यातले तीन दिवस तिथून अजून वर, डोंगरातल्या एका गावात जायचं. त्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन व्यायाम शिकवायचे. काकांना ते मुळीच आवडलं नव्हतं. एकुलती एक मुलगी, सिडनीत हव्या तेवढ्या जागा असताना ही डोंगरात कशाला निघाली? पण केतकी हट्टी, बापावरच गेलेली. काकांनी मग एका अटीवर होकार दिला होता, की एकदा जरी काही झालं, तरी गाशा गुंडाळून परत यायचं.

"सुवर्णा, तिच्या गाडीला पुढे दोन हिवाळी टायर बसव," काका म्हणाले.

"दोन नाही बसवत मी, काका. चार बसवते."

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर गाडीचं चित्र होतं, बाण होते, आकडे होते. "हे बघ. फ्रंट व्हील ड्राइव्ह. ओढायचं काम पुढचं, वळवायचं पुढचं, ब्रेकचाही मोठा भार पुढेच. मागचे दोन टायर आहेत सहा महिन्यांचे, कोरे करकरीत. ते काढून ठेवायचे? वाया घालवणं माझ्या तत्त्वात बसत नाही."

"वाया नाही जात. ऑक्टोबरात परत लावू. मागचे घसरले तर गाडी फिरते, काका. दोन नकोत, खरंच."

काका हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "अगं, या दुकानात मेकॅनिकल इंजिनियरिंग शिकलेला माणूस कोण आहे?" असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, त्या रविवारच्या सकाळी थोपटायचे तसंच.

झालं.  ज्या माणसाने मला क्लच शिकवला, त्याला मी टायर काय शिकवणार? भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. अनोळखी माणूस असता तर मी त्याला दार दाखवलं असतं. काका होते म्हणून मी दोन टायर बसवले. पुढे. आणि जॉब कार्डवर इंग्रजीत लिहिलं, 'ग्राहकाच्या इच्छेनुसार'.

दोन दिवसांनी केव्हिन आला, कॉफी घेऊन कार्डं चाळायला बसला. त्या कार्डावर थांबला. "हे वाक्य गिऱ्हाइकासाठी आहे की तुझ्यासाठी?" त्याने विचारलं. मी म्हटलं, ते ऐकतच नव्हते. "मग चावी परत द्यायची, मेट," तो म्हणाला आणि पुढचं कार्ड काढलं. त्याने पुन्हा विषय काढला नाही. 

काकांना फोन करून पुन्हा सांगावं असं रोज मनात यायचं. रोज काहीतरी निमित्त काढून मी टाळायची. जून गेला. केतकीचे फोटो यायचे, गवतावर दव गोठलेलं, मेंढ्या, एका आजोबांबरोबरची सेल्फी. मी म्हणायची, ठीक चाललंय, उगाच घोर लावून घेतला.

जुलैत एका मंगळवारी सकाळी, मी एका व्हॅनखाली होते आणि केतकीचा फोन आला.

"ताई, आय ॲम ओके. आधी ऐक, आय ॲम ओके."

मी व्हॅनखालून कशी बाहेर आले ते मला आठवत नाही.

ती वरच्या गावाला निघाली होती. वाटेत एक उतार, वळण, कडेला झाडांची सावली. बर्फ नव्हताच रस्त्यावर. होता तो पाण्याचा काचेसारखा गोठलेला थर, दिसत नाही असा. तिने वळणाआधी ब्रेक दाबला, हळूच. पुढचं तोंड थांबलं आणि मागचं थांबलं नाही. गाडी दीड वेळा गरगर फिरली आणि कडेच्या चरात मागचं चाक दगडावर आपटून थांबली. समोरून कोणी येत नव्हतं. दोनच मिनिटांनी दुधाचा टँकर आला. त्याच्या ड्रायव्हरने तिला चहा दिला, गाडी ओढून वर काढली, आणि ती जपून घरी परतली.

"बाबांना सांगितलंस?"

"नो. ताई, प्लीज, तू पण नको सांगूस. ते मला घरी बोलावतील. माझ्याकडे एक आजी आहेत, हिपचं ऑपरेशन झालंय, त्या आता बारा पावलं चालतात. मी गेले तर तिकडे दुसरं कोणी नाहीये. जस्ट सीझन संपेपर्यंत. नंतर मी स्वतः सांगते."

मी म्हटलं, गाडी हलवू नकोस, रविवारी येते. तोवर तुझ्या कोणा सहकाऱ्याबरोबर जा. मग फोन ठेवला आणि दुकानाच्या मागे जाऊन रडले. घाबरून कमी, लाजेने जास्त. ती माझ्या ओढणीत बाहुल्या झोपवणारी पोर, आणि मी तिच्या गाडीवर 'ग्राहकाच्या इच्छेनुसार' लिहून मोकळी झाले होते. केव्हिन आला होता त्या दिवशी. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने रॅकवरून त्याच मापाचे दोन हिवाळी टायर काढले आणि दोन जादा रिम्सवर स्वतः चढवायला लागला.

रविवारी ती दोन चाकं डिकीत घालून मी निघाले. वरातीमागून घोडं, मी स्वतःलाच म्हणत होते सगळा रस्ताभर. केतकी घराबाहेर वाट बघत उभी होती, दोन स्वेटर, वर जॅकेट. मी जॅक लावला. नट ती काढून माझ्या हातात देत होती. तिला दाखवलं, नट कधी ओळीने आवळायचे नाहीत, समोरासमोरचे आवळायचे, आणि पन्नासेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासायचे. हवा सकाळी गाडी थंड असताना मोजायची, कारण थंडीत ती कमी होते. बाहेर गाडी लावताना हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, गोठून बसतो. गिअरमध्ये टाकायची आणि चाकाला दगड लावायचा. ती मोबाइलवर सगळं लिहून घेत होती, युनितल्या लेक्चरसारखं.

मग तिला घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात गेले. ऊन अजून पोहोचलं नव्हतं, जमीन पांढरी होती. म्हटलं, वीसच्या स्पीडने जा आणि ब्रेक दाब. ती घाबरली होती, स्टीअरिंग घट्ट धरून बसली. पहिल्यांदा तिने पाय आपटला आणि गाडी खडखडली, पण सरळ राहिली.

"ब्रेकला हुकूम करू नये, केतकी. विनंती करावी."

तिने माझ्याकडे बघितलं. "हे कुठं शिकलीस?"

"तुझ्या बाबांकडे. कार पार्कात. तू मागच्या सीटवर झोपलेली असायचीस."

 पुढे अर्धा तास ती विनंती करत राहिली, आणि गाडी दरवेळी ऐकत राहिली. खरं सांगते, एकवीस वर्षांत मी हजारो चाकं बसवली असतील, पण त्या सकाळी त्या चार चाकांकडे बघून ऊर जेवढा भरून आला, तेवढा कधी आला नव्हता.

काढलेली मागची दोन चाकं मी सिडनीला परत आणली आणि दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवली. त्यातल्या एकाच्या रिमवर, काठाला, हातभर ओरखडा होता. हिवाळाभर लिमयेकाका भेटत राहिले, गणपतीत तर त्यांनी माझ्या ताटात आग्रहाने मोदक वाढला. "केतकीची गाडी झकास चालली आहे बरं का, दोन टायरांवर," म्हणाले. तो मोदक मी कसाबसा गिळला.

ऑक्टोबरचा लाँग वीकेंड झाला की बर्फाचा सीझन संपतो, आणि खंडेनवमी त्याच सुमारास येते. दुकानात माझा एक कोपरा आहे. तिथे मी दरवर्षी हत्यारांची पूजा करते. नट मोजून आवळायचा टॉर्क रेंच, नक्षीची खोली मोजायचा गेज, टायर काढायचा लोखंडी लिव्हर. वेंटवर्थव्हिलच्या दुकानातून झेंडू आणते. पूजेतलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं, आणि गिऱ्हाईक तर थांबत नाही, म्हणून मी जुना संच पूजेत ठेवते आणि नव्याने काम करते. केव्हिनला एवढं कळलंय की त्या दिवशी त्या कोपऱ्याला हात लावायचा नाही.

झेंडूची माळ घालतच होते आणि दारात केतकीची गाडी येऊन थांबली. केतकी सुट्टीला आली होती. ती घरी झोपली होती, आणि टायर बदलायला गाडी घेऊन आले होते काका.

मी केतकीला मेसेज करेपर्यंत ते गाडीतून उतरून मागे गेले होते. वाकले. चष्मा वर केला. तिथे तीन शिखरांचा डोंगर होता, त्यात बर्फाची चांदणी. मग त्यांनी ते चार आकडे वाचले, पुढे जाऊन पुढचे वाचले, पुन्हा मागे आले. जन्मतारखा वेगळ्या होत्या. आकडे वाचायला त्यांना मीच शिकवलं होतं.

"हे चार कधी झाले?"

खोटं बोलणं शक्य होतं. मी मागच्या खोलीत गेले आणि ती दोन चाकं ढकलत बाहेर आणली. त्यांनी रिमवरच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कारखान्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

"तिला लागलं?"

"नाही काका. काही नाही. उतार होता, रस्ता गोठला होता. गाडी फिरली. जुलैत."

ते गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसले.  केव्हिनने त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला, तो तसाच राहिला. मी मनात धरलं होतं की आता उठतील, घरी जाऊन केतकीची बॅग भरतील, आणि त्या बारा पावलं चालणाऱ्या आजी तेराव्या पावलाला एकट्या पडतील. आणि माझं तोंडही बघणार नाहीत.

"तू मला 'नाही' का म्हणाली नाहीस?" त्यांनी विचारलं. आवाज चढा नव्हता.

"म्हणाले होते, काका. दोनदा."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा तुम्ही खांद्यावर थोपटलंत. मला कार पार्क आठवला."

काकांनी चष्मा काढला आणि पुसला. माझी त्यांची इतक्या वर्षांची ओळख, पण 'माझं चुकलं' असं या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही ऐकलं नाही. ते उठले, माझ्या कोपऱ्याकडे गेले, चपला काढल्या आणि पान्यांपुढे हात जोडून उभे राहिले. काकू देवाला जा म्हणून मागे लागायच्या तेव्हाही न जाणारे काका. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तो पिवळा खडू दे." टायर काढताना कुठला कुठे होता हे आम्ही खडूने लिहितो. ते गुडघ्यावर बसले आणि चारही टायरांवर स्वतः लिहिलं, पुढे डावा, पुढे उजवा, मागे डावा, मागे उजवा, ड्रॉइंगवर लिहावं तशा टपोऱ्या अक्षरांत. मी पिशव्या दिल्या. टायर त्यांनी घरी नेले.

घरी काय बोलणं झालं ते मला केतकीनेही सांगितलं नाही. एवढंच कळलं की बॅग भरली गेली ती सुट्टी संपल्यावर, परत जाण्यासाठी.

पुढच्या मे महिन्यात केतकीच एकटी आली. डिकीत चार पिशव्या, चारही तोंडाशी घट्ट बांधलेल्या. "बाबांनी दिल्यात. म्हणाले, लेबल वाच आणि ताईला दे."

प्रत्येक पिशवीला जाड पुठ्ठ्याचं लेबल होतं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. तीच टपोरी अक्षरं. 'चारही एकत्र बसवणे. वेगळे करू नयेत. शंका असल्यास सुवर्णास विचारणे. ती पहिल्यांदा नाही म्हणेल तेव्हाच ऐकणे.'

मी ते वाचलं आणि केव्हिनला इंग्रजीत सांगितलं. त्याने मान डोलावली आणि माझ्या जुन्या कार्डांच्या गठ्ठ्यातून ते एक कार्ड शोधून काढून माझ्या हातात दिलं. त्याने ते जपून ठेवलं होतं. मी ते फाडलं.

त्यातलं एक लेबल मी ठेवून घेतलं. गेल्या खंडेनवमीला ते कोपऱ्यात टॉर्क रेंचशेजारी ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पूजेतलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं, हे मला चांगलं माहीत आहे. पण दुपारी एक गृहस्थ आले. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले, ज्यांच्या घरी आम्ही चार वेळा जेवलोय. "वहिनी, पुढचे दोन पार गोटे झालेत. नवे दोन घेतो, पुढेच टाका हं," म्हणाले आणि प्रेमाने हसले.

"नाही," मी म्हटलं. "ते मागे जातील."